स्लो वाढलाय

दांडेकर पुलाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "ताई, अजून पंच्याऐंशी सेकंद आहेत. आत्तापासून कशाला रेस देताय?"

मी रेस देत नव्हते. गाडी न्यूट्रलला होती, उजवा पाय ब्रेकवर होता आणि डावा नुसताच बसून होता. तरी बोनेटखालून असा आवाज येत होता, की आता ही बाई सिग्नल तोडून थेट स्वारगेट गाठणार असं कुणालाही वाटावं. रिक्षावाल्याला खुलासा करण्याइतका वेळ पंच्याऐंशी सेकंदांत नक्की होता, पण त्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नसता. मी नुसती हसले.

ही पिकअप आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, खुर्च्या, सतरंज्या, चौरंग वाहण्यात तिची उमर गेली. आप्पा गेल्यावर धंदा धाकट्या भावाकडे आला. तो आता 'इव्हेंट' करतो आणि त्याच्याकडे नवी गाडी आहे. जुनी भंगारात द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात मी बँकेतून निवृत्त झाले आणि पानशेतच्या वाटेवरच्या आमच्या तुकड्यावर शेणखत नि रोपं न्यायला म्हणून ती मागून घेतली. साठीच्या बाईने पिकअप चालवावी यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. ती त्यांची त्यांनी केली.

आप्पा तिला शेवटपर्यंत टेम्पोच म्हणत. पुण्यात मागे हौदा असलेली कुठलीही गाडी म्हणजे टेम्पो. तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचा, हॅम्बुर्गच्या. त्यांची तीनचाकी इथे बजाज टेम्पो बनवायची. पुढे २००५ साली त्या कंपनीनेच नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आमच्या बोलण्यातून टेम्पो हलला नाही. इटालियनमध्ये टेम्पो म्हणजे गाण्याची लय असं नंतर कुठेतरी कळलं. आमच्या टेम्पोची लय कायम द्रुत. आप्पांच्या शेवटच्या दोनतीन वर्षांपासूनच ती उभी असतानाही रेस धरून ओरडायची, आणि घरात त्यावर एक ठरलेला विनोद होता: आप्पांची गाडी आप्पांसारखीच, बसली तरी स्वस्थ बसत नाही. आप्पा होतेही तसेच. स्वतःच्या घरच्या लग्नात पंगत बसलेली असताना हातातला घास ठेवून मांडवाच्या दोऱ्या ताणून बघायला उठणारे. त्यामुळे गाडीच्या आवाजाकडे कुणी आजार म्हणून बघितलंच नाही. स्वभाव म्हणून सोडून दिलं.

मी मात्र डिझेलचे पैसे माझ्या पेन्शनमधून भरते.

पहिला सल्ला भाच्याचा. तो इंजिनिअर आहे. "मावशी, हवा लीक होत असेल. थ्रॉटल बॉडी साफ करून घे." मी बोनेट उघडून थ्रॉटल बॉडी शोधत बसले. सापडली नाही, कारण या जातीच्या इंजिनाला ती नसतेच. हे समजायला मला दोन रविवार लागले. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर पेट्रोल इंजिन म्हणजे दारावर माणूस उभा केलेला मांडव. तो जेवढ्यांना आत सोडेल तेवढ्यांच्या बेताने स्वयंपाक. हवा किती घ्यायची ते दारावर, म्हणजे थ्रॉटल बॉडीत, ठरतं आणि पेट्रोल त्या मापाने येतं. म्हणून तिथे कुठून जादा हवा घुसली की स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढतो. जुन्या डिझेलमध्ये दार सताड उघडं. प्रत्येक खेपेला सिलिंडर मावेल तेवढी हवा ओढतो, मग गाडी उभी असो की कात्रजचा घाट चढत असो. वेग ठरतो तो वाढप्याच्या पळीवर. पळीत डिझेल किती, एवढाच प्रश्न. भाच्याचं ज्ञान चुकीचं नव्हतं, दुसऱ्या मांडवातलं होतं.

दुसरा सल्ला मिस्त्रींचा. त्यांनी बोनेट उघडलं, कान दिला, म्हणाले, "स्लो वाढलाय," आणि दहा नंबरचा पाना नि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पंपाच्या बाजूला वाकले. इंजिनाला डिझेल मापून देणाऱ्या या पंपावर एक लिव्हर असतो. आपण ॲक्सिलरेटर दाबला की केबल त्याला ओढते, पाय काढला की स्प्रिंग त्याला मागे आणते. मागे येऊन तो जिथे टेकतो, तिथे एक बारका स्क्रू असतो. तोच स्लोचा स्क्रू. मिस्त्रींनी तो एक आटा मागे घेतला, मग दीड. आवाजात काही फरक पडला नाही. "पंपातच काहीतरी आहे," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. एवढं मात्र सांगितलं, की दुसऱ्या टोकाच्या, शिशाचं सील मारलेल्या स्क्रूला कुणाला हात लावू द्यायचा नाही. ती इंजिनाच्या कमाल वेगाची मर्यादा.

तिसरे गृहस्थ पंप-नोझलचीच कामं करणारे, सत्तरीचे. त्यांच्या टेबलावर काचेच्या नळ्यांची रांग होती आणि प्रत्येक नळीत किती डिझेल उतरतं ते ते डोळे बारीक करून बघत होते. मी सगळी कथा सांगितली. त्यांनी मान वर न करता एकच विचारलं, "हंटिंग करते का?"

"म्हणजे?"

"स्लो वर-खाली होतो का? म्हणजे घोंऽ घोंऽ, परत खाली, परत घोंऽ. का एकाच जागी वाढून बसलाय?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, आणि तो हलतो की स्थिर असतो हे मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "आधी ते बघा. पंप उतरवायचा तर चौदा-पंधरा हजाराला मरण नाही. एवढी घाई नका करू."

बाहेर पडले तेव्हा मनात आलं, काय हे गाव! खडकीत १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी. आकुर्डीला गाड्यांचा कारखाना. मी रोज ज्या वेताळ टेकडीवर फिरायला जाते तिथे १९६६ साली स्थापन झालेली, साऱ्या देशाच्या गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था. आणि माझ्या गाडीचा एक स्क्रू लागू पडत नाही.

पण त्या प्रश्नाने माझ्यातली बँकेतली बाई जागी झाली. मी नोकरीला लागले तेव्हा खातेवह्या हाताने लिहायचो. संध्याकाळी ताळा जुळला नाही की नवी मुलं घाबरून सगळी पानं पुन्हा बेरजायला बसायची. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, बेरीज नंतर, आधी फरक किती ते नीट लिही. मग फरक अर्ध्यात काप. सकाळच्या नोंदींत आहे की दुपारच्या? मी गाडीचा फरक कधी लिहिलाच नव्हता. 'खूप ओरडते' हा काही आकडा नव्हे.

गाडीला आरपीएमचं मीटर नाही. पण चार सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा पेटतं. मिनिटाला साडेसातशे फेरे म्हणजे सेकंदाला साडेबारा, म्हणजे पंचवीस धक्के. फोनमध्ये कंपनं मोजणारं ॲप मिळतं. एका सकाळी गाडी गरम होऊ दिली, फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि शेजारी वही घेऊन बसले. पडद्यावर एक टोक उभं राहिलं: चाळीस. म्हणजे बाराशे फेरे. या इंजिनाला साडेसातशे-आठशे पुष्कळ झाले.

पाऊण तास मी दर पाच मिनिटांनी नोंद केली. चाळीस. चाळीस. चाळीस. हेडलाइट लावले तर क्षणभर एकोणचाळीसला उतरलं आणि परत चाळीसवर आलं. हे बघून मला गंमत वाटायला लागली होती.

कारण यातच उत्तराचं अर्धं होतं. डिझेल इंजिनाला मुक्कामाचा असा नैसर्गिक वेग नसतो. पळी ठरावीक मापाची ठेवली आणि ओझं काढून घेतलं तर ते पळतच सुटेल. म्हणून त्याच्यावर गव्हर्नर बसवलेला असतो. पंपाच्या पोटात फिरणारी वजनं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पळी आखडतात. वेग पडला की आत येतात, पळी मोठी होते. मूळ कल्पना जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेल्या गोळ्यांची. हे गोळे नीट न बसले तर इंजिन वर-खाली हेलकावे का खातं, यावर मॅक्सवेलने १८६८ साली गणित मांडलं. तेच पंपवाल्या काकांचं हंटिंग. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली तरी असे झोके येतात. लहानपणी आजोळच्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज मध्येच खोल जाऊन परत उसळायचा, तो मला तेव्हा आठवला.

आमचा आकडा हेलकावत नव्हता. दिवे लावून ओझं टाकलं तरी गव्हर्नर लगेच सावरून गाडी चाळीसवर आणून ठेवत होता. म्हणजे नोकर चोख होता. त्याला कुणीतरी सांगितलेलंच चाळीस होतं.

कोणी सांगितलं ते आता अर्ध्यात कापून शोधायचं. पंपाकडे आज्ञा जाते ती लिव्हरवरून, आणि लिव्हरला जोडलेली असते पायाची केबल. ती काढून टाकली की कळेल, दोष केबलच्या अलीकडे की पलीकडे. ही पाच मिनिटांची तपासणी तोवर कुणीच केली नव्हती. मीही नाही. त्याआधी एक काम केलं, ते सांगते, कारण त्यात चेष्टा नाही: हवेच्या नळीच्या तोंडाशी झाकता येईल अशी एक जाड फळी हाताशी ठेवली आणि नवऱ्याला तिथे उभं केलं. डिझेल इंजिन बेफाम सुटलं तर किल्ली बंद करून ते थांबेलच असं नाही. स्वतःचं इंजिन ऑइल ओढून त्यावरसुद्धा पळू शकतं. हवा तोडली की मात्र थांबावंच लागतं. नवरा फळी घेऊन गदा घेतलेल्या मारुतीसारखा उभा राहिला. फळीची गरज पडली नाही. त्याने अजून ती गोष्ट सांगायची सोडलेली नाही.

केबल काढली. चाळीस.

म्हणजे पाय निर्दोष, केबल निर्दोष. उरला पंप, आणि चौदा-पंधरा हजार. मी बोनेटला टेकून जरा वेळ तशीच उभी राहिले. मग मिस्त्रींनी फिरवलेला तो स्क्रू पुन्हा बघितला. इंजिन बंद केलं. केबिनमध्ये आप्पांच्या काळापासून लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो, मांडव कुठे टाकायचा त्याचे पत्ते. त्यातली एक पत्रिका घेतली आणि तिचा कोपरा स्क्रूचं टोक आणि लिव्हर यांच्यामध्ये सरकवला. आरपार गेला. दुहेरी घडी घातली, तरी गेला.

लिव्हर स्क्रूला टेकतच नव्हता! मग स्क्रू आटाभर फिरवा नाहीतर अख्खा काढून खिशात घाला, फरक पडणार कसा? स्प्रिंग ओढत होती, पायाची केबल सोडवलेली होती, आणि तरी तो जागेवर येण्याआधी अर्धा बोट अधांतरी थांबला होता. कुणीतरी त्याला धरून ठेवलं होतं.

दिवसा दिसेना. रात्री टॉर्च घेऊन बोनेटखाली शिरले, तेव्हा उजेड तिरका पडला आणि लिव्हरच्या मागच्या बाजूला, इंजिनाकडच्या अंगाला, एक बारीक काळी केबल दिसली. पायाच्या केबलपेक्षा बारीक. ती वायरिंगच्या जुडग्यात शिरत होती आणि पुढे सगळ्यावर मिळून काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचे वेढे अगदी एकसारखे, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढलेला. मांडवाच्या खांबाला कापड असंच गुंडाळायचं असतं. ते वेढे कुणाचे हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

टेप सोडवत गेले. केबल डॅशबोर्डच्या खालून आत जात होती आणि हातमोज्यांच्या खणामागे एका पत्र्याच्या भोकाशी संपत होती. तिथे कधीतरी मूठ असणार. आता नुसतं तुटकं टोक होतं, गंजून बाहेरच्या वेष्टनात चिकटून बसलेलं. पक्कड लावून ओढलं तरी हलेना. पायाने लिव्हर पुढे जात होता तेव्हा ती आडवी येत नव्हती, नुसती सैल पडत होती. पण मागे येताना तिची लांबी संपली की लिव्हर तिथेच थांबत होता. बाराशेवर.

दुसऱ्या दिवशी केबलचा तुकडा कापून नाना पेठेत गेले. दुकानदाराने तो बोटांत फिरवला आणि म्हणाला, "ही तर लुनाची, ॲक्सिलरेटरची. हिला कुठून आणलंत?" लुना, १९७२ ची, मोटर बसवलेली सायकल म्हणावी अशी. आमच्याकडे एक होती. मी त्यावर कॉलेजला गेले, भाऊ गेला, मग ती बरीच वर्षं गोडाऊनच्या भिंतीला टेकून होती. तिचे अवयव कुठे कुठे गेले याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, ते दिव्यांचं असेल."

"कसले दिवे?"

"हौद्यावर दोन मोठे दिवे नव्हते का? मांडव उतरवायला रात्री एक-दोन वाजायचे. कार्यालयवाले लाइट बंद करून मोकळे. मग पोरं अंधारात शिडीवर. एकाच्या पायात खिळा गेला होता, त्यानंतर यांनी दिवे बसवले. पण गाडी नुसती उभी ठेवली की दिवे मंद व्हायचे, बॅटरी उतरायची. मग म्हणे हाताने रेस धरून ठेवायची सोय केलीय."

मी हौद्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन बघितलं. चार भोकं होती, रंगाखाली बुजलेली. पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे बारा व्होल्टवर नऊ-साडेनऊ अँपिअर. साडेसातशेवर गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, तेवढं रात्रभर पुरवणार नाही. बाराशेवर पुरवेल. आप्पा सातवी शिकलेले. हे त्यांनी कसं काढलं असेल? बहुधा दिव्याकडे बघत मूठ ओढत गेले असतील आणि उजेड पिवळ्याचा पांढरा झाला तिथे थांबले असतील.

त्यांचे हात थरथरायला लागल्यावर गाडी दुसरे ड्रायव्हर चालवू लागले. दिवे चोरीला गेले. मूठ कुणीतरी तोडली. केबल ओढलेल्या जागीच गंजली. आणि आम्ही म्हणत राहिलो, आप्पांची गाडी, आप्पांसारखीच.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता एलईडी लावले असते. रेसची गरजच नाही." त्याचं खरं आहे.

मी पंपाकडचं टोक सोडवलं. लिव्हर टक्कन मागे गेला. मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, दोन सेकंद अंगभर हादरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्षणभर वाटलं, कुठून या भानगडीत पडले! मग डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत जो जो मिस्त्री आला त्याने स्लो कमी करायचा म्हणून तो स्क्रू आटा-दोन आटे मागे घेतला होता. फरक पडला नाही म्हटल्यावर कुणी परत पुढे आणला नाही. लिव्हर धरलेला होता तोवर ते लपून राहिलं. एका चुकीवर दुसरी चढवून खातं जुळवलेलं आम्ही बँकेत पुष्कळ बघितलंय. पहिली चूक दुरुस्त केली की त्या दिवशी खातं जास्तच बिघडतं, आणि माणूस म्हणतो, आधीच बरं होतं.

नवऱ्याला पायाने थोडी रेस धरायला बसवलं. गाडी गरम झाल्यावर स्क्रूला जागेवर धरणारा चेक नट सैल करून स्क्रू अर्धा-अर्धा आटा पुढे घेत गेले. सतरा, एकोणीस, बावीस. बावीसवर आरसा थरथरत होता आणि हौद्याची साखळी वाजत होती. चोवीसवर साखळी थांबली. पंचवीसवर नट आवळला. हेडलाइट लावले, जरा उतरलं, परत पंचवीस. पायाची केबल जोडली, अर्धा पेराएवढी ढिलाई ठेवली. पुन्हा पंचवीस. खर्च शून्य, बोटांची सालटी वेगळी.

पंपवाल्या काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. पंप चांगला आहे तुमचा. गुळगुळीत हात लागू देऊ नका आता कुणाचा." गुळगुळीत हात म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

त्या रविवारी शेतातली वांगी आणि अळू घेऊन आईकडे गेले. आई पहिल्या मजल्यावर राहते. एरवी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरूनच तिला कळायचं आणि मी दारात पोचेपर्यंत ती गॅलरीत असायची. या वेळी गाडी खाली लावून मी मिनिटभर केबिनमध्येच बसले. कुणी आलं नाही. मग वरून सुनेला विचारताना आई ऐकू आली, "बघ गं, खाली कुणाचा टेम्पो लागलाय?"

"मीच आहे, आई!" मी ओरडले. ओरडायची खरं तर गरज नव्हती. इंजिन चालूच होतं, आणि तरी तिला माझी पहिलीच हाक ऐकू गेली.